चौदा शुद्ध वाक्ये

रामाण्णा छपाईची शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवत तेव्हा त्यांचे डोळे समोरच्या कागदावर असत आणि हात आपल्या वाटेने चाललेला असे. डाव्या हातात ओळ बसवायची लोखंडी पट्टी, म्हणजे स्टिक. उजवा हात खिळ्यांच्या पेटीतल्या, म्हणजे केसमधल्या, खणांवरून फिरणारा. बेळगावच्या त्या छापखान्यात सहा कंपोझिटर होते. बाकीचे पाच जण खिळा उचलण्याआधी खणाकडे एक नजर टाकत. रामाण्णांनी अशी नजर टाकलेली मी पहिल्या चार वर्षांत पाहिली नाही. ओळ भरली की ते स्टिकवर बोटाने एकदा टिचकी मारत आणि स्वतःशीच म्हणत, "बसलं." मग पुढची ओळ.

मी तिथे मुद्रितशोधक होतो. छापखान्यात सगळे मला रीडर म्हणत. माझे वय सव्वीस, लग्न होऊन वर्ष झालेले. रामाण्णा पन्नाशीला आलेले, अंगाने किरकोळ, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. दुपारी चार वाजता ते राखेने हात घासून धूत आणि गुळाचा खडा फोडत. शिसे पोटात जाऊ नये म्हणून गूळ खावा, असा कंपोझिटरांचा समज होता. अर्धा खडा माझ्या टेबलावर येई. "घ्या रीडर. तुमी दीसभर शिसंच वाचताय, तुमाला बी बाधंल."

त्यांच्या प्रूफात चूक सापडत नसे. पण हस्तलिखित, ज्याला छापखान्यात कॉपी म्हणतात, आणि प्रूफ यांत फरक मात्र सापडे. चूक कॉपीत असे, प्रूफात नसे. पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा मी प्रूफ घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"रामाण्णा, कॉपीत 'त्याने घरी गेला' असं आहे."

"मग? तसं कसं छापायचं वो? त्यो घरी गेला. संपलं."

"म्हणजे तुम्ही दुरुस्त केलंत."

"मी न्हाय." त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "ह्येनं केलं आसंल."

यात सोंग नव्हते. त्यांचे स्वतःचे बोलणे अस्सल वडगावचे, म्हणजे ते राहत त्या भागातले, होते. ते कधीच "गेलो होतो" म्हणाले नाहीत, "गेलतो" म्हणत. पण हातातून उतरे ते पुस्तकातले मराठी. याबद्दल कुणी छेडले तर ते सांगत, "त्वांड वडगावचं, हात छापखान्याचा. दोगांची वळख न्हाय."

घर विणकरांचे. सतराव्या वर्षापर्यंत ते वडिलांच्या मागावर बसत. त्या सवयीचा उगम ते तिथेच सांगत. "माग चालू आसताना धागा तुटला तर इणकर इचार करत बसत न्हाय. बोटं जात्यात, गाठ बसती, माग चालतोय. इचार कराय गेलासा की लुगड्याला भोक."

गिऱ्हाइकांना या हाताचा फायदाच होई. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने दुकानाची जाहिरात छापायला दिली होती. कॉपी त्याच्या दिवाणजीने लिहिलेली होती. माल न्यायला व्यापारी स्वतः आला, उभ्याउभ्या एक पत्रक वाचले, मग पुन्हा वाचले आणि मालकांना म्हणाला, "ह्ये मी लिवून दिल्यालं न्हाय." मालकांचा चेहरा पडला. व्यापारी पुढे म्हणाला, "पर मला म्हनायचं हुतं त्ये ह्येच हाय. आमच्या दिवाणजीला आयुष्यात जमलं न्हाय. कोन हाय ह्यो लिवणारा?" आतल्या बाजूला रामाण्णांनी मान वर केली नाही. त्यानंतर त्या व्यापाऱ्याचे सगळे काम आमच्याकडे येऊ लागले.

तोटा एकदाच झाला होता. खानापूरच्या एका लाकूड ठेकेदाराची वकिलामार्फत आलेली नोटीस छापायची होती. तिच्यात एका साक्षीदाराचा जबाब जसाच्या तसा द्यायचा होता. छापून आला तो शुद्ध मराठीत. वकील तणतणत आले.

"रामाण्णा," मालक म्हणाले, "जबाबात शहाणपणा कुणी केला?"

"मी न्हाय केला, मालक."

"मग त्या साक्षीदाराने येऊन केला का?"

त्या दिवशी नियम झाला. रामाण्णांनी लावलेला प्रत्येक मजकूर मी कॉपी हातात धरून शब्दन्‌शब्द ताडायचा, आणि फरक निघाला तर कॉपी खरी. रामाण्णांना राग आला नाही. वडगावहून येताना त्यांना रेल्वेचे फाटक लागे. "तुमी आमचं फाटक," ते मला म्हणाले. "हाताची गाडी आली की पाडायचं." पुढची तीन वर्षे हे फाटक नीट चालले.

सुभद्रा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मराठी सातवीची परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली होती आणि वडगावच्या मुलींच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होती. दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षात शिक्षण खात्याचा हुकूम आला की ट्रेनिंग न झालेल्या तात्पुरत्या शिक्षिकांना जूनपासून कमी करावे. ट्रेनिंग कॉलेजात जायचे तर प्रवेश परीक्षा होती, आणि पुढच्या वर्षी सुभद्राचे वय नियमात बसणार नव्हते. म्हणजे संधी ही एकच. ती गेली तर घरी बसून मागासाठी कांड्या भरायच्या. रामाण्णांच्या घरात तिची आई, आत्या आणि आजी हेच करत आल्या होत्या.

सुभद्राने अभ्यास केला तो बापाच्या पद्धतीने. छापखान्यातली टाकाऊ प्रूफे रामाण्णा घरी नेत आणि ती त्यातली चुकलेली वाक्ये शोधून काढी. एकदा ती छापखान्यात आली होती तेव्हा मी विचारले, "अवघड काय वाटतं?"

"शुद्ध वाक्यं निवडायची असतात त्ये सोपं हाय, दादा. गणित अवघड."

"आणि गणितात अण्णा मदत करतात का?"

"अण्णांना मी सांगते," ती म्हणाली. रामाण्णा खूश होऊन हसले.

परीक्षेला दोन आठवडे राहिले असताना प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापण्याचे काम आमच्याच छापखान्याकडे आले. गुप्त कामाची पद्धत ठरलेली होती. रविवारी छापखाना बंद असताना एकच विश्वासू कंपोझिटर आत बसे. खात्याचे अधिकारी, ज्यांना सगळे डेप्युटीसाहेब म्हणत, स्वतः समोर खुर्ची टाकून बसत, प्रूफ तपासून सही करत. छपाई झाली की खिळे लगेच खणांत सोडले जात आणि कॉपी मोहोरबंद होऊन साहेबांबरोबर परत जाई. मालक सोडून तिसरे माणूस आत नसे. मुद्रितशोधकसुद्धा नसे.

विश्वासू कंपोझिटर म्हणजे रामाण्णा. त्यांनी मालकांना आधीच सांगितले, "माजी पोरगी बसनार हाय परीक्षेला. ह्ये काम दुसऱ्याला द्या."

"दुसरा कोण आहे? गुप्त काम मी त्या पोरांना देऊ? तुमच्यावर माझा भरवसा आहे."

"तुमचा हाय वो. लोकांचं काय?"

मालकांनी ऐकले नाही, आणि साहेबांना ही गोष्ट सांगितलीही नाही. हे संभाषण मला नंतर कळले.

त्या वेळी मला कळले ते इतकेच की त्या रविवारी संध्याकाळी रामाण्णा एक वळकटी घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "रीडर, दोन आठवडं ऱ्हाऊ का हितं? कारण इचारू नका." मी विचारले नाही. रविवारी ते कुठे होते याचा अंदाज मला होता, आणि सुभद्राची परीक्षा कधी आहे हेही ठाऊक होते.

माझ्या पत्नीला मात्र काहीच माहीत नव्हते. नवराबायकोचे भांडण झाले असावे, असे तिने धरले आणि रोज जेवायला वाढताना संसाराच्या चार गोष्टी सांगू लागली. रामाण्णा निमूट ऐकून घेत आणि भाकरी मागून घेत. चौथ्या दिवशी त्यांची बायको रुक्माक्का थेट आमच्या दारात आली. डब्यात कारल्याची भाजी होती.

"काय वो," ती माझ्या पत्नीला म्हणाली, "आमच्यात भांडान झालंय व्हय? मला तर कुनी सांगितलं न्हाय."

"झालं नाही?"

"कवा व्हईल? ह्येनी घरात बोलतील तवा न्हवं!" मग आत डोकावून ती मोठ्याने म्हणाली, "आवं, पोरगीची परीक्षा तोंडावर आलीया आनि बाप परागंदा. ती इचारतीया, अण्णा माज्यावर रुसलं काय म्हनून. काय सांगू?"

आतून रामाण्णांचा आवाज आला, "सांग, अण्णा लई खूश हाईत. आनि तिला हिकडं पाठवू नगंस."

रुक्माक्का डबा ठेवून गेली. जाताना माझ्या पत्नीला म्हणाली, "डोस्क्यावर परिनाम झालाय. शिसं चढलं आसंल. गूळ द्या जरा."

परीक्षा शनिवारी झाली. संध्याकाळी रामाण्णांनी वळकटी उचलली आणि मला म्हणाले, "चला, घरापतुर या. रुक्मीला काय त्ये तुमीच समजावून सांगा." आम्ही वडगावला पोहोचलो तेव्हा सुभद्रा माजघरात प्रश्नपत्रिका पुढे घेऊन बसली होती. गणित बरे गेले होते. निबंध चांगला झाला होता. ती अडली होती तिसऱ्या प्रश्नाशी.

तो प्रश्न असा होता. वीस वाक्ये दिली होती. त्यांपैकी दहा शुद्ध आहेत, त्यांचे क्रमांक लिहा. गुण वीस. खाली सूचना होती की दहापेक्षा जास्त क्रमांक लिहिल्यास प्रश्न रद्द समजला जाईल.

"अण्णा, मी चार बारीला मोजली," सुभद्रा म्हणाली. "दहा न्हाईत. चौदा हाईत. शेजारच्या पोरीनं तोंड पांढरं करून पैली दहा लिवली. मला तसं करवंना. खरी चौदा असताना चार खोटी कशी म्हनायची? मी चौदाच्या चौदा लिवली आनि खाली लिवलं, चौदा वाक्यं शुद्ध आहेत."

रामाण्णांनी कागद घेतला. नेहमीसारखा तो डोळ्यांनी वाचला नाही. छापील ओळींवरून उजव्या हाताचे बोट फिरवत गेले. सहाव्या वाक्यावर बोट थांबले. 'माझी बहीण शाळेत गेली.' मग अकराव्यावर थांबले. मग चौदाव्यावर आणि सतराव्यावर. त्यांनी कागद घडी करून सुभद्राला परत दिला.

"बराबर लिवलंस," ते म्हणाले. "जा, जेवून घे."

मला त्यांनी फाटकापर्यंत सोडायला येतो म्हणून सांगितले. वाटेत एकच वाक्य बोलले. "कॉपीत 'माझा बहीण' हुतं, रीडर."

सगळा प्रकार त्या एका वाक्यात होता. वीस वाक्यांपैकी दहा मुद्दाम चुकीची लिहिलेली होती. त्यातली सहा चुकीचीच उतरली. चार ठिकाणी धागा तुटलेला दिसला आणि बोटे गेली. साहेबांनी प्रूफ वाचले होते, पण कॉपीशी ताडले नव्हते. क्रमांक वीस आहेत हे पाहून सही केली होती. फाटक त्या दिवशी जागेवर नव्हते.

सोमवारी रामाण्णा मालकांसमोर उभे राहिले. मालकांनी दार लोटून घेतले, तरी आवाज बाहेर येत होता.

"गप्प बसा. सगळ्यांना तोच पेपर होता. नुकसान झालं तर सगळ्यांचं सारखं."

"सारखं कसं? जिनं अंदाजपंचे दहा लिवली तिला काय तरी मिळंल. जिनं खरं लिवलं तिला भोपळा."

"आणि ती तुमची मुलगी आहे. तुम्ही आता तोंड उघडलंत तर लोक काय म्हणतील? बापानं पेपर छापला, पोरगी नापास होतेय म्हटल्यावर बोंब ठोकली. सरकारी काम जाईल, तुमची नोकरी जाईल, मुलीला पुन्हा कुठल्या परीक्षेला बसू देणार नाहीत. निकाल लागेपर्यंत थांबा. कदाचित निभावून जाईल."

मालकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. रामाण्णा थांबले. आठ दिवस थांबले. त्या आठ दिवसांत त्यांनी चारच्या सुमारास हात धुतले, पण गूळ फोडला नाही. आणि प्रूफांत मी तोवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. कॉपीतल्या चुका जशाच्या तशा उतरू लागल्या. एका लग्नपत्रिकेत कॉपीतला नवरदेव स्त्रीलिंगी होता, तो प्रूफातही स्त्रीलिंगी राहिला. रामाण्णा आता खिळा उचलण्याआधी खणाकडे पाहत होते. दिवसाला खिळ्यांच्या तीन गॅल्या, म्हणजे तीन तबके, लावणारा माणूस एकीवर आला.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर एक ओले प्रूफ ठेवले. आठ-दहा ओळी होत्या.

"कॉपी कुठाय?" मी सवयीने विचारले.

"कॉपी न्हाय. मनातनं लावलंय. चूक आसली तर बगा."

मी वाचले. 'मी छापखान्यात कंपोझिटर आहे. प्रवेश परीक्षेची पत्रिका मी एकट्याने जुळवली. तिसऱ्या प्रश्नातील चार चुकीची वाक्ये माझ्याकडून बरोबर झाली. यात मालकांचा दोष नाही. माझी मुलगी सुभद्रा या परीक्षेस बसली होती. तिला मी काही सांगितले नाही. शिक्षा मला करावी. ज्या मुलींनी चौदा वाक्ये लिहिली त्यांनी खरे लिहिले आहे.'

"चूक नाही," मी म्हणालो.

"मग चला माज्यासंगं. सायबाफुडं त्वांड वडगावचंच निघंल."

कचेरीत डेप्युटीसाहेबांनी आम्हाला अर्धा तास बसवले. ते धारवाडकडचे, मराठी स्वच्छ बोलत, पण सावकाश. कागद हातात घेऊन त्यांनी आधी रामाण्णांच्या बोटांकडे पाहिले.

"अर्ज छापून का आणला?"

"हातानं लिवलं आसतं तर तुमाला वाचता आलं नसतं, सायेब."

साहेबांनी वाचले. मोहोरबंद कॉपी मागवली, छापील पत्रिका शेजारी ठेवली आणि चारही वाक्यांवर पेन्सिलने खुणा केल्या. मग सही असलेले प्रूफ मागवले. कारकुनाने ते पुढे ठेवले आणि तो भिंतीकडे पाहू लागला.

"ही सही कुणाची?"

कारकुनाने प्रूफ साहेबांकडे आणखी सरकवले.

"माझी आहे," साहेब स्वतःच म्हणाले. "तुमची मुलगी परीक्षेला होती हे मला तुमच्या मालकांनी सांगितलं नाही."

"मी त्यास्नी सांगितलं हुतं."

"मुलीला तुम्ही काही सांगितलं नाही हे मी कशावरून मानू?"

"मानू नगा," रामाण्णा म्हणाले. "मी त्ये दीस घरी न्हवतो, ह्येंच्या घरी हुतो. पर ह्ये बी आमच्याच छापखान्यातलं. ह्येंची साक्ष काय कामाची?"

साहेबांनी यादीवरून सुभद्राचा क्रमांक काढायला लावला आणि तिची उत्तरपत्रिका आणवली. तपासून झालेली होती. तिसऱ्या प्रश्नाला तांबड्या शाईत शून्य होते, आणि त्या शून्यामुळे एकूण बेरीज पास होण्याला कमी पडत होती. साहेबांनी त्या पानावरचे चौदा क्रमांक पेन्सिलने मोजले.

"कॉपी तुमच्या हातात होती," ते म्हणाले. "त्यात कोणती दहा वाक्यं शुद्ध आहेत ते तुम्ही पाहिलं होतं. मुलीला सांगितलं असतं तर तिनं तीच दहा लिहिली असती आणि वीसपैकी वीस घेतले असते. तिनं चौदा लिहिली. तुम्ही काही सांगितलं नाही याचा पुरावा हे शून्य आहे."

रामाण्णांनी माझ्याकडे पाहिले. "काय म्हनत्यात?"

"सुटलात म्हणतात."

ते उभे होते ते खाली बसले. खुर्चीवर नव्हे, तिथेच जमिनीवर. साहेबांनी शिपायाला कन्नडमध्ये पाणी आणायला सांगितले.

परीक्षा पुन्हा घेणे शक्य नव्हते. युद्धामुळे कागद परवान्यावर मिळे आणि जून जवळ आला होता. दोन दिवसांनी हुकूम निघाला. तिसऱ्या प्रश्नापुरती छापलेली पत्रिका प्रमाण धरावी, चौदाही वाक्ये शुद्ध समजावीत, दहाच्या मर्यादेची सूचना रद्द समजावी आणि सर्व उत्तरपत्रिका नव्याने तपासाव्यात. चौदा लिहिणाऱ्या मुली एकूण तीन निघाल्या. छापखान्याला ताकीद आली, काम गेले नाही. मालक ताकीद वाचून इतके मोकळे झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि ताकीद कपाटात कुलपात ठेवली.

यादी कचेरीच्या फळ्यावर लागली तेव्हा रुक्माक्का, सुभद्रा आणि रामाण्णा तिघेही तिथे होते. रामाण्णा पुढे जाईनात. सुभद्राने शेवटून वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत स्वतःचे नाव पाहून ती वळली.

"अण्णा, हाय."

"नाव बराबर छापलंय न्हवं?" रामाण्णांनी विचारले.

"आवं, हातानं लिवलंय त्ये," रुक्माक्का म्हणाली. "समद्या जगाला खिळं लावता व्हय?" आणि मग डोळ्यांना पदर लावून ती हसू लागली. दोन आठवडे नवरा परक्याच्या घरी का राहिला, हे तिला तोवर कळले होते. माझ्या पत्नीला तिने पुढे कितीतरी दिवस ते रंगवून सांगितले.

त्याच दुपारी रामाण्णांनी एका दुकानाची जाहिरात लावली. मी प्रूफ ताडायला घेतले. कॉपीत एक ढळढळीत चूक होती, प्रूफात ती नव्हती. नियमाप्रमाणे मी कॉपी खरी धरायला हवी होती. मी सही करून प्रूफ पुढे पाठवले. चार वाजता माझ्या टेबलावर गुळाचा अर्धा खडा आला.

पुढच्या वर्षी पत्रिकेचे काम पुन्हा आमच्याकडेच आले. साहेबांनी दोन अटी घातल्या. कंपोझिटर तोच हवा, आणि मुद्रितशोधक आत हवा. त्या रविवारी रामाण्णांनी चुकीच्या वाक्यांसाठी एक तोड काढली. मी प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापासून उलटे वाचायचे, एकेक शब्द सुटा, आणि त्यांनी ते शब्द सुटे लावून नंतर ओळीत मांडायचे. "उलटं आलं की हाताला कळत न्हाय, वाक्य हाय का काय हाय." दहा वाक्ये लावायला त्यांना दोन तास लागले आणि सदरा घामाने भिजला. साहेब खुर्चीतून पाहत होते. शेवटचे झाल्यावर ते म्हणाले, "यंदा किती?" रामाण्णा म्हणाले, "दहाच, सायेब. मोजून घ्या." साहेबांनी खरोखरच मोजून घेतली, कॉपीशी ताडून.

युद्ध संपले त्या सुमारास सुभद्राचे ट्रेनिंग पुरे झाले आणि तिची नेमणूक गुंजी गावच्या शाळेत झाली. रुक्माक्का तिच्याबरोबर तिकडे राहायला गेली. मला दुसऱ्या शहरात वर्तमानपत्रात नोकरी मिळाली होती. मी निघण्याआधीच्या शनिवारी रामाण्णा म्हणाले, "चला, पोरीची शाळा बगून येऊ. फुडं तुमची गाठ पडंल न पडंल." पडली नाही. पुढल्या वर्षाअखेर ते गेल्याचे मला सुभद्राच्या पत्रातून कळले. पत्रात एकही चूक नव्हती.

त्या शनिवारी आम्ही सकाळच्या गाडीने गुंजीला उतरलो. स्टेशनापासून शाळा जवळ होती. सुभद्राने आम्हाला वर्गात मागे, मुलींच्या ओळीशेवटी सतरंजीवर बसवले. ती बदलली होती. आवाज ठाम झाला होता, आणि वर्गात ती पुस्तकातले मराठी बोलत होती. फळ्यावर तिने पाच वाक्ये लिहिली. दुसरे होते 'माझा बहीण शाळेत गेली.'

मी रामाण्णांकडे पाहिले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि बोटे हवेत काहीतरी उचलत होती.

फळ्याकडे तोंड असतानाच सुभद्रा म्हणाली, "अण्णा, हात."

मुली मागे वळून खिदळल्या. रामाण्णांनी हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.

"आता सांगा," सुभद्रा मुलींना म्हणाली, "यातलं कोणतं चुकलंय?"

एकीने चौथे म्हटले, ते बरोबर होते. दुसरी काही म्हणायला उठली आणि पुन्हा बसली. रामाण्णांच्या कपाळावर घाम आला होता. पण हात मांडीखालीच राहिला. मग खिडकीजवळची एक बारकी मुलगी उभी राहिली, फळ्याकडे बोट करून एकेक शब्द वाचत गेली आणि म्हणाली, "बाई, दुसरं. तिथं 'माझी' पायजे."

सुभद्राने खडू तिच्या हातात दिला. मुलीने टाचा उंचावून 'माझा' पुसले आणि वर 'माझी' लिहिले.

रामाण्णांनी हात बाहेर काढला. सतरंजीवर बोटाने एक टिचकी मारली.

"बसलं," ते म्हणाले.